दोन दूरच्या शहरांमधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ: हिशोब स्वतः कसा मांडायचा

लंडनहून न्यूयॉर्कला जाणारं विमान साधारण आठ तास घेतं. तेच विमान रात्री उलट फिरलं की सात तासांत, कधी त्याहूनही लवकर लंडनला टेकतं. अंतर दोन्ही बाजूंनी तेवढंच, मग हा तासाभराचा फरक कुठून आला? बहुतेक जण अंतराला वेगाने भागतात आणि आलेला आकडा खरा मानतात. मग कुणाला तरी आणायला गेलेला माणूस विमानतळावर उगाच ताटकळतो, किंवा मधल्या थांब्यावरचं पुढचं विमान चुकतं.

हा हिशोब अवघड नाही, फक्त तो क्रमाने करावा लागतो. आधी जमिनीवरचं सर्वांत कमी अंतर, मग विमानाचा खरा मार्ग, मग वेग, मग वारा आणि शेवटी घड्याळ. हे टप्पे एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. जवळ साधं वैज्ञानिक कॅल्क्युलेटर असलं तरी पुरे.

आधी प्रश्न नेमका करा

‘किती लांब आहे?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. इंटरनेटवर मिळणारा आकडा बहुधा पृथ्वीच्या पाठीवरून मोजलेल्या सर्वांत जवळच्या रेषेचा असतो. विमान त्या रेषेवरून तंतोतंत कधीच जात नाही. वेळेचंही तसंच आहे. चाकं धावपट्टी सोडतात तिथपासून ती पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ हा हवेतला वेळ. विमान गेटवरून हलतं तिथपासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतचा वेळ वेगळा, आणि तिकिटावर छापलेल्या वेळा या दुसऱ्या प्रकारच्या असतात. लांबच्या प्रवासात या दोन आकड्यांत अर्ध्या तासाचा फरक सहज पडतो. कुठला आकडा हवा आहे हे आधी ठरवा.

शहराचं नाव पुरेसं नाही, हेही ध्यानात ठेवा. न्यूयॉर्कला जेएफके, नेवार्क आणि लाग्वार्डिया असे तीन मोठे विमानतळ आहेत. टोकियोचा नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून जवळजवळ ६० किमी लांब आहे, हानेडा त्या मानाने अगदी जवळ. त्यामुळे हिशोब शहरापासून नव्हे, विमानतळापासून सुरू करा.

अंतर: आधी दोऱ्याने, मग गणिताने

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. आपल्या डोळ्यांना सवय झालेला नकाशा मर्केटर या नकाशाकाराच्या प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याच्या त्याच्या पद्धतीचा असतो. मर्केटरने तो १५६९ मध्ये जहाजांसाठी काढला. दिशा धरून जहाज हाकायला तो उत्तम आहे, पण ध्रुवांकडे जावं तशी जमीन त्यात फुगत जाते. त्यावर ग्रीनलँड जवळपास आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे.

पृथ्वीगोल हाताशी असेल तर एक दोरा घ्या. दोन शहरांवर त्याची दोन टोकं धरा आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर बसतो. या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात, कारण ती पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा तुकडा असते. ३० सेंमी व्यासाच्या गोलाचा परीघ सुमारे ९४ सेंमी भरतो आणि पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,०३० किमी आहे. म्हणजे दोऱ्याचा १ सेंमी म्हणजे सुमारे ४२५ किमी. लंडन ते न्यूयॉर्क दोरा १३ सेंमीच्या आसपास भरेल, म्हणजे साधारण ५,५०० किमी. एवढ्या सोप्या साधनाने इतकं जवळ जाता येतं. घरात मुलं असतील तर गणिताकडे वळण्याआधी त्यांच्याकडून हे जरूर करून घ्या.

आता गणित. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश दशांश अंशांत घ्या. ते अंश-मिनिटांत दिले असतील तर मिनिटांना ६० ने भागून अंशांत मिळवा. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश यांना उणे चिन्ह द्या. मग पुढच्या पायऱ्या:

१. दोन्ही अक्षांशांचे साइन काढून त्यांचा गुणाकार करा.
२. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन काढून गुणाकार करा आणि त्याला रेखांशांमधल्या फरकाच्या कोसाइनने पुन्हा गुणा.
३. या दोन संख्यांची बेरीज करा.
४. बेरजेचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) काढा. येईल तो कोन अंशांत.
५. कोनाला १११.१९ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये.

करून पाहू. लंडनचा हीथ्रो विमानतळ ५१.४७ उत्तर, ०.४६ पश्चिम. जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. पहिल्या पायरीत ०.५०९५ येतात. रेखांशांतला फरक ७३.३२ अंश, म्हणून दुसऱ्या पायरीत ०.१३५७. बेरीज ०.६४५२. तिचा व्यस्त कोसाइन ४९.८२ अंश. १११.१९ ने गुणलं की सुमारे ५,५४० किमी.

पृथ्वी नेमकी गोल नाही, ध्रुवांकडे थोडी चपटी आहे. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किमी तर ध्रुवावर ६,३५७ किमी. ही चपटाई धरली तर हेच अंतर ५,५५५ किमीच्या आसपास जातं. फरक पाव टक्क्याचा आहे. प्रवासासाठी तो सोडून द्यायला काहीच हरकत नाही.

दोन ठिकाणी हमखास चूक होते. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर, म्हणजे कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककावर असेल तर उत्तर भलतंच येतं. संगणकावरची स्प्रेडशीट तर कोन नेहमी रेडियनमध्येच मागते, तिथे अंशांचे रेडियन करून घ्यावेच लागतात. उत्तर तपासायला एक कसोटी आहे: पृथ्वीवरची कोणतीही दोन ठिकाणं एकमेकांपासून साधारण २०,००० किमीहून लांब असूच शकत नाहीत, कारण तो अर्धा परीघ झाला. आकडा त्यापुढे गेला तर कुठेतरी चुकलंय.

अंतर सागरी मैलांत दिसलं तर १.८५२ ने गुणा. वैमानिक याच मैलांत बोलतात, आणि ते सोयीचंही आहे, कारण बृहद्वृत्तावरच्या एका अंशात ६० सागरी मैल बसतात.

सर्वांत जवळची वाट डोळ्यांना किती फसवते हे पाहायचं असेल तर सिडनी आणि चिलीचं सांतियागो ही जोडी घ्या. दोन्ही शहरं जवळजवळ एकाच अक्षांशावर, ३३ ते ३४ अंश दक्षिणेला. नकाशावर पाहिलं तर विमानाने पॅसिफिक सरळ पूर्वेकडे ओलांडावा असं वाटतं. त्या अक्षांशाला धरून गेलं तर पावणेतेरा हजार किमी पडतात. बृहद्वृत्ताने गेलं तर सुमारे ११,३४० किमी, पण ती वाट दक्षिणेला ६२ अंशांपर्यंत, अंटार्क्टिकाच्या दिशेने खाली वाकते. जवळजवळ १,४०० किमी वाचतात. विमानातल्या पडद्यावर वाकडी रेघ दिसली की काही प्रवासी घाबरतात. खरं तर तीच सरळ असते, वाकडा असतो तो नकाशा.

विमानाचा खरा मार्ग

आता या आदर्श रेषेपासून थोडं दूर व्हायचं. उड्डाणानंतर विमान वाऱ्याच्या दिशेप्रमाणे वळून मार्गाला लागतं, उतरताना रांगेत येण्यासाठी वळसे घेतं, वाटेतली वादळं टाळतं. या सगळ्यापोटी मी अंतरात ३ ते ५ टक्के मिळवतो. लंडन-न्यूयॉर्कचे ५,५४० किमी मग ५,७०० ते ५,८०० होतात.

काही जोड्यांना मात्र ही टक्केवारी अजिबात पुरत नाही. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर वरच्या पद्धतीने सुमारे ७,८३० किमी येतं. सायबेरियावरून सरळ वाट होती आणि विमान दहा तासांच्या आत पोचायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झालं, त्यानंतर युरोपीय देशांनी रशियाच्या आणि रशियाने त्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. मार्च २०२२ पासून फिनएअरची टोकियोची विमानं रशियाला वळसा घालून, कधी उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली आणि प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला. याच कंपनीने १९८३ मध्ये हेलसिंकी-टोकियो सेवा सुरू केली तेव्हाही सोव्हिएत आकाश बंद होतं आणि विमान ध्रुवावरूनच जात होतं. चाळीस वर्षांनी जुनीच वाट पुन्हा धरावी लागली. शहरं जागची हलली नाहीत, पण त्यांच्यामधला वेळ तीन तासांनी वाढला. म्हणून युरोप आणि पूर्व आशिया यांच्यातल्या कोणत्याही जोडीसाठी जुन्या वेळापत्रकातला आकडा वापरू नका. शिवाय ज्या देशांच्या विमानांना रशियात बंदी नाही त्यांची विमानं अजूनही सरळ जातात, तेव्हा त्याच दोन शहरांमध्ये कंपनी बदलली की वेळ बदलू शकतो.

दुसरं बंधन इंजिनांचं. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर ठरावीक वेळात उतरण्याजोगा विमानतळ गाठता यायला हवा. पूर्वी ही मर्यादा ६० मिनिटांची होती. पुढे ती १२०, १८० अशी वाढत गेली, आणि आता काही विमानांना ३३० मिनिटांपर्यंत किंवा त्याहून जास्त परवानगी मिळाली आहे. दक्षिण पॅसिफिकसारख्या ठिकाणी, जिथे वाटेत उतरायला जमीनच नाही, ही मर्यादा विमान किती वळसा घेणार ते ठरवते. उत्तर अटलांटिकवर हा प्रश्न फारसा जाणवत नाही.

वेगाने भागायचं, पण कोणत्या?

मोठी लांब पल्ल्याची विमानं आवाजाच्या ०.८४ ते ०.८५ पट वेगाने जातात. अकरा किमी उंचीवर हवा उणे ५६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि अशा थंड हवेत आवाज ताशी सुमारे १,०६० किमी वेगाने जातो. त्याचे ८५ टक्के म्हणजे ताशी ९०० किमी. छोटी, आसनांमधून चालायला एकच वाट असलेली विमानं ०.७८ पट, म्हणजे ताशी ८३० किमीने जातात. त्यामुळे कोणतं विमान आहे ते तिकिटावर पाहून घ्या. सहा हजार किमीवर या फरकाने अर्ध्या तासाहून जास्त वेळ जातो.

चढताना आणि उतरताना हा वेग नसतो. त्यासाठी सरसकट अर्धा तास मिळवा. गेट ते गेट वेळ हवा असेल तर जमिनीवर सरपटण्यासाठी आणखी २० ते ३० मिनिटं धरा, गजबजलेल्या विमानतळावर जास्त. लंडन-न्यूयॉर्क: ५,७५० भागिले ९०० म्हणजे ६.४ तास, अधिक अर्धा तास, म्हणजे हवेत जवळपास सात तास. पण हे वारा नसताना.

वारा

सगळ्या हिशोबात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा टप्पा, आणि नेमका हाच लोक गाळतात.

मध्य अक्षांशांत, नऊ ते बारा किमी उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरकस वाऱ्यांचे पट्टे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात ते जोर धरतात, ताशी २०० किमीचा वेग नवलाचा नाही आणि क्वचित तो ४०० च्याही वर जातो. विमान हवेत पोहतं, आणि हवाच पुढे सरकत असेल तर जमिनीच्या हिशोबाने त्याचा वेग वाढतो. फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा नावाच्या वादळाच्या वेळी न्यूयॉर्कहून निघालेलं एक बोइंग ७४७ अवघ्या ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं. इंजिनं नेहमीचीच होती, काम केलं ते वाऱ्याने.

काही जण या फरकाचं कारण पृथ्वीच्या फिरण्यात शोधतात. विषुववृत्तावर जमीन ताशी १,६७० किमीने फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्याकडे शहर आपणहून चालत यायला हवं, असा तो युक्तिवाद. तसं होत नाही, कारण हवाही जमिनीबरोबर फिरते आणि विमान त्या हवेत असतं. तसं झालं असतं तर पश्चिमेचा प्रवास लवकर उरकला असता. प्रत्यक्षात उलट आहे.

हिशोबासाठी माझा ढोबळ नियम असा. मध्य अक्षांशांतली पूर्व-पश्चिम वाट असेल तर हिवाळ्यात सरासरी ताशी १०० किमी आणि उन्हाळ्यात ५० किमी वारा धरा. पूर्वेकडे जाताना तो वेगात मिळवा, पश्चिमेकडे जाताना वजा करा. वाट उत्तर-दक्षिण असेल किंवा बरीचशी विषुववृत्ताजवळून जात असेल तर वारा शून्य धरा. तिरकी वाट असेल तर अर्धा.

आता लंडन-न्यूयॉर्क हिवाळ्यात: ५,७५० भागिले ८०० म्हणजे ७.२ तास, अधिक अर्धा, म्हणजे हवेत ७ तास ४० मिनिटं. गेट ते गेट आठ तासांच्या थोडं वर. परतीला ५,७५० भागिले १,००० म्हणजे पावणेसहा, अधिक अर्धा, म्हणजे सव्वासहा. गेट ते गेट पावणेसात. वेळापत्रकात दिसणाऱ्या आकड्यांच्या हे अगदी जवळ आहे.

यात एक बारकावा आहे. जाताना वारा समोरून आणि येताना पाठीमागून, म्हणजे एकूण फिटंफाट होईल असं वाटतं. होत नाही. वाऱ्याशिवाय येण्याजाण्याला १२.७८ तास लागतील, वाऱ्यासकट १२.९४. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ घालवतं, म्हणून तोटा नेहमी थोडा जास्त असतो.

वारा इतका महत्त्वाचा की त्यासाठी लांबची वाटही परवडते. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे सुमारे १५,३५० किमीचं अंतर ठरावीक वेळापत्रकाने चालणाऱ्या विनाथांबा सेवांमध्ये सर्वांत मोठ्यांपैकी आहे, वेळ साडेअठरा तासांच्या आगेमागे. सिंगापूरहून निघालेलं विमान बरेचदा पॅसिफिक ओलांडून पूर्वेकडे जातं, आणि परत येणारं अटलांटिक आणि युरोपच्या बाजूने, पुन्हा पूर्वेकडेच. म्हणजे जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा होते आणि दोन्ही वेळा वारा पाठीशी राहतो.

तिकिटावरची वेळ वाचणं

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या शहरातली असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या शहरातली. त्यांची थेट वजाबाकी करू नका. दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत न्या. पुढे असलेल्या शहराच्या वेळेतून तास वजा करा, मागे असलेल्याच्या वेळेत मिळवा, आणि मग वजाबाकी.

उदाहरण म्हणून धरा, सोमवारी टोकियोहून संध्याकाळी ५ ला विमान निघालं आणि सॅन फ्रान्सिस्कोला सोमवारीच सकाळी साडेदहाला पोचलं. निघण्याआधीच पोचल्यासारखं दिसतं. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, म्हणजे निघाले सोमवारी सकाळी ८ ला. सॅन फ्रान्सिस्को उन्हाळ्यात ७ तास मागे, म्हणजे पोचले सोमवारी संध्याकाळी साडेपाचला. प्रवास साडेनऊ तासांचा. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली आणि तोच वार पुन्हा मिळाला. उलट जाताना एक वार हातचा जातो. तिथे तिकिटावर वेळेच्या शेजारी +१ असतो, तो बारीक अक्षरातला आकडा कधीही नजरेआड करू नका. आणायला येणाऱ्याला वेळ कळवताना तारीखही कळवा.

उन्हाळी वेळेचीही काळजी घ्या. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे लंडन-न्यूयॉर्क हा नेहमीचा ५ तासांचा फरक मार्चमधले दोन-तीन आठवडे ४ तासांवर येतो. ऑक्टोबरच्या अखेरीसही आठवडाभर तसंच होतं. जपान घड्याळ हलवतच नाही. सिडनीत उन्हाळी वेळ ऑक्टोबर ते एप्रिल असते, म्हणून तिथे सगळं उलट.

ठरावीक तासांनी औषध घेणाऱ्या माणसासाठी हा टप्पा फार महत्त्वाचा आहे. शरीर स्थानिक घड्याळ पाहत नाही, गेलेले तास मोजतं. इन्सुलिनसारखं औषध असेल तर वर काढलेले खरे तास कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन निघण्याआधी डॉक्टरांना भेटा.

मधला थांबा असेल तर

थांबा घेतला म्हणजे खूप वळसा पडतो असं नाही, थांबा कुठे आहे यावर ते अवलंबून. लंडन ते सिडनी सरळ सुमारे १७,०२० किमी. सिंगापूरमार्गे १०,८९० आणि ६,३१० मिळून १७,२००, म्हणजे जेमतेम एक टक्का जास्त. दुबईमार्गे साधारण १७,५५०, तीन टक्के जास्त. वळसा १० टक्क्यांच्या आत असेल तर त्याचा विचार सोडा आणि थांब्याचे तास पाहा, कारण खरा वेळ तिथे जातो. प्रत्येक टप्प्याला चढण्या-उतरण्याचा अर्धा तास आणि जमिनीवरचा वेळ वेगळा धरायचा असतो, हे मात्र विसरू नका.

तिकीट काढताना ‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ हे शब्द नीट वाचा. डायरेक्ट म्हणजे विमानाचा क्रमांक बदलत नाही, एवढंच. ते वाटेत उतरू शकतं. कुठेच न थांबणारं विमान हवं असेल तर नॉनस्टॉप असंच लिहिलेलं हवं.

आपला आकडा तपासा

शेवटी हिशोब प्रत्यक्षाशी ताडून पाहा. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर उड्डाणाचा क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांत ते विमान किती वाजता उडालं आणि किती वाजता टेकलं ते दिसतं. एका दिवसाचा आकडा घेऊ नका, आठवड्याभराचे घ्या आणि त्यातला सर्वांत जास्त व सर्वांत कमी लिहून ठेवा. कंपन्या वेळापत्रकात थोडी ढील ठेवतात, त्यामुळे विमानं बरेचदा ‘वेळेआधी’ पोचतात. पुढचं विमान पकडायचं असेल तर त्या यादीतला सर्वांत जास्त वेळ धरा, आणायला जायचं असेल तर सर्वांत कमी. तुमचा हिशोब आणि ही यादी यांत पाऊण तासाहून जास्त फरक पडला तर नकाशावर विमानाने काढलेली रेघ पाहा. बंद आकाशाचा वळसा असेल तर तो तिथे लगेच दिसेल.